गाणं आपलं, वायरही आपली

(गाणी आणि पथनाट्य करणाऱ्या गटांच्या विभागीय शिबिरात केलेली मांडणी. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजक ताईंनी मला विषय दिला 'आपली गाणी आणि नवे तंत्रज्ञान'. असा लांबरुंद विषय मिळाला की माणूस हवेत बोलायला लागतं. म्हणून मी तो बराच आखडता घेणार आहे. एक घरातला कीबोर्ड, एक केंद्रातला जुना लॅपटॉप आणि त्यांना जोडणारी एक वायर, एवढ्याच गोष्टीबद्दल मी बोलणार आहे. मी संगीतातली नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना गटकार्य शिकले, समुपदेशन शिकले, वायरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तरीही मी इथे उभी आहे, त्याचं कारण आमच्या गटाचं एक गाणं.

हे गाणं तुमच्यापैकी काहीजणींनी ऐकलं असेल. घरातल्या मारहाणीबद्दलचं आहे. सहा कडवी आहेत. पाच कडवी पाच बायकांनी आपापल्या अनुभवातून रचली आणि सहावं आम्ही सगळ्यांनी मिळून, कायद्याबद्दल. त्यात 'चारशे अठ्ठ्याण्णव' हा आकडा असा चपखल बसला होता की मोर्चात तिथे हमखास टाळी पडायची. २०१७ मध्ये आम्ही वर्गणी काढून ते शहरातल्या एका स्टुडिओत रेकॉर्ड केलं. मशीनवर दादा, पेटीवर दादा, ढोलकीवर दादा. आम्ही काही विचारलं की उत्तर यायचं, "ताई, तुम्ही फक्त गा." आम्ही गायलो. संध्याकाळी पेनड्राइव्हवर एक फाइल मिळाली. आनंदाने घरी आलो. तीन-चार वर्षं ती फाइल बचत गटाच्या बैठकांत, आठ मार्चला, एस.टी. स्टँडवरच्या पथनाट्यात वाजत राहिली.

मग २०२४ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ झाल्या.

१ जुलैपासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. ४९८अ मधला नवऱ्याकडच्या क्रूरतेचा गुन्हा आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. एका कॉलेजात कार्यक्रम झाल्यावर एका मुलीने उभं राहून विचारलं, "ताई, तुमच्या गाण्यातलं कलम आता कुठे आहे?" जुन्या खटल्यांत तो आकडा अजून ऐकू येतो, पण नव्याने तक्रार करणाऱ्या बाईच्या कानावर जुना आकडा घालणं बरोबर नव्हतं. एक ओळ बदलायची होती.

दुसरी गोष्ट जास्त कठीण. तिसरं कडवं जिचं, ती एक दिवस केंद्रात आली. आता ती दुसऱ्या गावी राहते, मुलीची सोयरीक चालली होती, आणि तिकडच्या कुणाच्या तरी फोनवर हे गाणं पोहोचलं होतं. ती म्हणाली, "ताई, शब्द राहू देत. शब्द सगळ्यांचेच आहेत. माझा आवाज तेवढा काढा. आवाजाने ओळखतात." आम्ही तिची परवानगी घेतली होती ना? घेतली होती, २०१७ मध्ये. पण परवानगी म्हणजे एकदा अंगठा उमटवला की संपलं असं नसतं, हे आपणच तर बायकांना शिकवतो. तिचा 'नको' तितकाच खरा होता, आणि तो पाळायला आमच्या हातात काही नव्हतं.

स्टुडिओत गेले. कळलं की रेकॉर्डिंग करताना प्रत्येक आवाजाची, पेटीची, ढोलकीची वेगळी ओळ असते. तिला ट्रॅक म्हणतात. त्या सगळ्या ओळी मिसळून शेवटची फाइल होते. आमच्याकडे होतं ते वाटण. वाटण एकदा वाटलं की त्यातलं खोबरं वेगळं काढता येत नाही. वेगळ्या ओळी स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर होत्या, त्या जागा करण्यासाठी कधीच पुसल्या गेल्या होत्या. "पुन्हा गा, पुन्हा पैसे भरा." मी त्यांना दोष देत नाही. आम्ही त्या ओळी मागितल्याच नव्हत्या. मागण्यासारखं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. (आता मिसळलेल्या गाण्यातून आवाज वेगळे काढणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. आम्ही करून पाहिलं. वाद्यं आणि गळे वेगळे होतात, पण एकत्र गाणाऱ्या पाचजणींतून एकीचाच गळा काढायला गेलं की सगळ्यांचंच खरडलं जातं.)

जुनी फाइल वाजवणं आम्ही त्याच दिवशी बंद केलं, ज्यांच्याकडे पाठवली होती त्यांना पुसायला कळवलं. आणि ठरवलं की पुन्हा गायचं तर या वेळी ओळी आपल्या घरात राहतील.

आमच्या एका कार्यकर्तीच्या माळ्यावर कीबोर्ड होता. मुलगी शाळेत असताना हौसेने घेतलेला, दहावीला बंद झालेला, जुन्या साडीत गुंडाळलेला. आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, सगळे त्याला 'कॅसिओ'च म्हणतात. तो काढला, पुसला, आणि मागच्या भोकांकडे पाहत आम्ही चौघीजणी बसलो. इथे मला एक सांगावंसं वाटतं. आमच्या घरी टेपरेकॉर्डर होता. तो उघडायचा, डोकं पुसायचं, वायर जोडायची, हे सगळं भावाचं काम. मी हात लावला की आई म्हणायची, "शॉक बसेल." भावाला तीनदा शॉक बसला, त्याचं कौतुकच झालं. पस्तिशीच्या आत-बाहेरच्या आम्ही शिकलेल्या बायका त्या कीबोर्डामागे हात घालायला बिचकत होतो, ते त्या 'शॉक बसेल'मुळे.

तर मागे काय असतं ते नीट सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडायच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत झाली की दिवस फुकट जातात. पहिली वाट आवाजाची. हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या आवाज आत घेणाऱ्या भोकात घालायची. कीबोर्डातून जो आवाज निघतो तोच जसाच्या तसा रेकॉर्ड होतो. लहान, खेळण्यातल्या कीबोर्डांना ही एकच वाट असते. त्यात कीबोर्डचा आवाज कमी ठेवून सुरुवात करा, नाहीतर सगळं फाटून येतं. लॅपटॉपला आता बहुधा हेडफोन आणि माइकचं मिळून एकच भोक असतं, त्यात साधी वायर चालत नाही. त्यासाठी यूएसबीला लागणारी आवाजाची छोटी डबी, ऑडिओ इंटरफेस, मिळते.

दुसरी वाट मिडीची. ही मला सगळ्यात आवडली. १९८३ मध्ये अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ही पद्धत आली, आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली गेली. म्हणून तर इतक्या वर्षांपूर्वीचा कीबोर्डही आजच्या कॉम्प्युटरशी बोलू शकतो. मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही. जातो तो निरोप: कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे आकडे आहेत, मधल्या सा-ची म्हणजे मधली पांढरी एक ६० क्रमांकाची. आमच्या गटातल्या विणकाम करणाऱ्या मावशींनी हे सगळ्यांत आधी ओळखलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हा नमुना झाला. किती टाके सुलट, किती उलट. लोकर यात नाही." अगदी तेच. लोकर, म्हणजे आवाज, मागाहून कुठलाही लावता येतो. पेटीचा लावा, बासरीचा लावा. एक टाका चुकला तर तेवढाच उसवून घालता येतो.

आता भोकं. मागे प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबीचं भोक असेल आणि त्यावर 'टू होस्ट' लिहिलेलं असेल तर प्रिंटरचीच वायर चालते. आम्ही ऑफिसच्या प्रिंटरची काढून लावली. चपटं भोक दिसलं तर तिथे फसू नका, ते पेनड्राइव्हसाठी असतं. कीबोर्ड जुना असेल तर पाच टाचण्यांची गोल भोकं असतात, एकावर 'इन', एकावर 'आउट'. त्यासाठी गोल टोकांची यूएसबी-मिडी वायर बाजारात वेगळी मिळते. कीबोर्डच्या आउटमधून निघालेलं कॉम्प्युटरच्या इनमध्ये गेलं पाहिजे. पण स्वस्त वायरींच्या टोकांवर जे लिहिलेलं असतं ते कुणाच्या बाजूने लिहिलंय ते कळत नाही. चाललं नाही तर टोकं उलटी करून पाहा. काही बिघडत नाही, आणि शॉक तर अजिबात बसत नाही. आधी कीबोर्ड जोडून चालू करायचा आणि मग सॉफ्टवेअर उघडायचं, हा क्रम पाळा. बरीच सॉफ्टवेअर उघडताना एकदाच आजूबाजूला बघतात.

आमचे पहिले दोन दिवस कसे गेले ते सांगते. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आमच्याकडे होतंच, मुलाखती साफ करायला वापरतो. वायर लावली, लाल बटण दाबलं, ताईंनी अख्खं गाणं वाजवलं. पडद्यावर रेघा हलत होत्या, आम्ही खूश. लावून ऐकलं तर पेटी लांबून आल्यासारखी, आणि पुढे ठळकपणे, "साखर संपलीय गं," मग कुकरच्या दोन शिट्ट्या! लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकने खोली रेकॉर्ड केली होती. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. ऑडॅसिटी आवाज नोंदवतं, मिडीचा नमुना कीबोर्डवरून नोंदवत नाही. वायरीतून आवाज येतच नव्हता, मग ते काय घेणार?

मिडीसाठी दुसरं लागतं. एलएमएमएस फुकट आहे आणि विंडोजवर, लिनक्सवर चालतं. त्यात वाद्याच्या ओळीवर मिडीचं इनपुट म्हणून आपला कीबोर्ड निवडायचा. पहिल्यांदा जो आवाज येतो तो भुंग्यासारखा असतो, घाबरू नका, ती लोकर बदलता येते. मात्र एलएमएमएसच्या नेहमीच्या आवृत्तीत माइकवरचं गाणं रेकॉर्ड होत नाही. म्हणून आम्ही पेटीचा नमुना एलएमएमएसमध्ये केला, त्याची आवाजाची फाइल काढली, ती ऑडॅसिटीत घेतली आणि तिच्यावर एकेक गळा चढवला. दोन्ही कामं एकाच ठिकाणी हवी असतील तर रीपर आहे, साठ दिवस वापरून पाहायला देतात, पुढे पैसे भरायचे. कुणाकडे मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. गरिबाची वाट लांबची असली तरी चालण्यासारखी आहे, एवढं मी अनुभवाने सांगते.

पट्टी दाबली आणि आवाज क्षणभराने आला, असं होईल. हात अडखळतो, वाजवणारीला वाटतं आपणच बेताल आहोत. ती बेताल नसते, कॉम्प्युटरला आवाज तयार करायला वेळ लागत असतो. सेटिंगमध्ये बफर कमी करून हे सुधारतं, पण जुन्या लॅपटॉपला झेपत नाही. आमचा उपाय साधा: वाजवताना कॉम्प्युटरचा आवाज बंद ठेवायचा आणि कीबोर्डचाच ऐकायचा. नमुना तर जातोच आहे. दोन्ही आवाज चालू ठेवले की मात्र एकामागे एक दुहेरी ऐकू येतं.

आता पट्टीबद्दल, कारण खरा बदल इथे झाला. बायका गाताना चिरक्या होतात, किंवा खालच्या ओळी गिळतात, असं आपल्या गाण्यांबद्दल नेहमी बोललं जातं. किती वेळा हा दोष गळ्याचा नसून पट्टीचा असतो! पेटीवाल्या दादांची सवयीची पट्टी असते काळी एक किंवा काळी दोन, त्यांच्या गळ्याला ती सोयीची. बऱ्याच बायकांचा गळा काळी चार, काळी पाचला मोकळा होतो. स्टुडिओत आमचं गाणं काळी पाचला घेतलं होतं, कारण मुख्य गाणारी तरुण होती, शिकलेली होती. त्यामुळे साठी ओलांडलेल्या मावशी, ज्यांनी चाल लावली त्याच, वरच्या ओळींना गप्प बसल्या होत्या. वय वाढलं की बाईचाही आवाज खाली उतरतो, ते काही कमीपणाचं नाही. या वेळी मी सगळे टाके एकदम निवडले आणि तीन पट्ट्या खाली सरकवले. काळी पाचवरून पांढरी पाच. लय जराही बदलली नाही, पुन्हा वाजवावंही लागलं नाही. मावशींनी वरची ओळ घेतली आणि डोळे मिटून घेतले. मी ते क्षण रेकॉर्ड करायला विसरले.

(मी एक घोटाळाही केला. तालाच्या वाद्यांची ओळही सोबत सरकवली. मिडीमध्ये तालाच्या ओळीत प्रत्येक पट्टी म्हणजे वेगळं वाद्य असतं. टाळी ३९ क्रमांकावर, ती तीन पट्ट्या खाली गेली तर ३६ वर मोठा ढोल. टाळ्यांच्या जागी धडाधड ढोल वाजायला लागला. तालाची ओळ सरकवायची नाही.)

नमुन्यात सगळं मावतं असं नाही. बारा पट्ट्यांमध्ये मींड नसते, ओवीतला तो मधला, लवलेला स्वर नसतो. पेटीवरही हीच तक्रार होती. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तीस वर्षं तिला बाहेर ठेवलं होतं. म्हणून कीबोर्डकडून आम्ही फक्त आधार घेतला. गळे माइकवर घेतले, खरं तर फोनवर. खोलीत गोधड्या टांगल्या, पंखा बंद. एका कानाला हेडफोन लावून त्यात नमुना आणि तालाचा टकटक आवाज, दुसरा कान स्वतःसाठी. सुरुवातीला हेडफोनमधल्या टकटकीवर एक टाळी वाजवायची, म्हणजे फोनवरचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर जुळवताना टाळीला टाळी लावता येते. प्रत्येकीची ओळ वेगळी. सहाव्या कडव्यातला आकडा दोन प्रकारे गाऊन ठेवला, कोर्टातल्या जुन्या बायकांसाठी आणि नव्यांसाठी. 'पंच्याऐंशी' काही 'चारशे अठ्ठ्याण्णव'सारखा बसत नाही, टाळी अजून पडत नाही.

तिसरं कडवं मावशींनी गायलं. जिचं ते होतं तिला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "बरं आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "मागे सगळ्या गातात तिथे मी चालेन का? तिथे ओळखू येणार नाही." म्हणून तिची धृपदाची ओळ वेगळी ठेवली आहे. ती सांगेल त्या दिवशी एक कळ दाबून ती ओळ गप्प करता येते. बाहेर गेलेल्या फाइली परत येत नाहीत, हे तिला स्पष्ट सांगितलं. म्हणून सध्या तिची ओळ फक्त बैठकीत लॅपटॉपवर वाजते, पाठवायच्या फाइलीत नसते. त्या ओळीच्या फाइलीला तिचं नाव दिलेलं नाही. हे तुम्हीही लक्षात ठेवा. आपण केसपेपर कुलपात ठेवतो आणि फाइलींना मात्र बायकांची पूर्ण नावं देतो.

नावांवरून आठवलं. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं, तेव्हा गाणं संपल्यावर त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि आता 'पारी'वर त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट ऐकता येतात. आमच्या २०१७ च्या फाइलीवर स्टुडिओचं नाव होतं, पेटीवाल्यांचं होतं आणि आमचं 'महिला मंडळ व इतर'. नव्या फाइलीबरोबर एक कागद आहे. ज्यांना नाव हवं त्यांचं नाव, ज्यांना नको त्यांची जागा कोरी. दर आठ मार्चच्या आधी तो कागद पुन्हा सगळ्यांपुढे फिरवायचा असं ठरलंय.

आणि ओळींचा सगळा फोल्डर दोन पेनड्राइव्हवर आहे, एक केंद्रात, एक मावशींच्या तांदळाच्या डब्याशेजारी. मिडीचा नमुना तर इतका हलका असतो की गाण्याच्या फाइलीपुढे तो किरकोळ. स्टुडिओत जाऊ नका असं मी म्हणत नाही, तिथला माइक आमच्या फोनपेक्षा शंभरपट चांगला. जाल तेव्हा पैसे ठरवतानाच सांगा की सुट्या ओळी आणि मिडी आमच्या पेनड्राइव्हवर देणार असाल तर बोला.

मी कीबोर्ड आणलाय, प्रिंटरची वायर आणि गोल टोकांची वायरही. चहानंतर पाच-पाचजणींचे गट करू. ज्यांच्या घरी माळ्यावर काही असेल त्यांनी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो घरून मागवून घ्या, समोरचा नको. पहिल्या गटाला मावशी दाखवतील. वायर लावताना मी जवळ उभं राहायचं नाही, असं त्यांनी मला आधीच बजावलंय.